ताब्यात आहे

चि. सूनबाईस आशीर्वाद,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. आधीची पत्रं फाडली, कारण त्यांत तुझा नवरा बरा झाला असं लिहिलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, तुमची शुगर बरी झाली का? औषधानं ताब्यात आहे ना? दारूचा आजारही तसाच."

आता सकाळी आम्ही बापलेक समोरासमोर गोळ्या घेतो. तो म्हणतो, "आधी तुम्ही. तुमचा काय भरवसा!"

मध्ये एकदा घसरला. पण लपवलं नाही, आपणहून दवाखान्यात गेला. हे कळवलं तर तू परत येणार नाहीस. न कळवता बोलावलं, तर तुला फसवल्यासारखं होईल. म्हणून हे पत्र खिशातच फिरेल, असं वाटतं. तरी दोन ओळी लवकर धाड, पोरी.

तुझा सासरा