सायकल कुणी शिकवली

व्हॅन नाइज, कॅलिफोर्निया
१८ मे १९७१

प्रिय ऑर्विल,

तुझं पाकीट काल पोचलं. नॅडीनच्या लग्नात तू करायचं भाषण, टाइप केलेली तीन पानं, आणि सोबत चिठ्ठी, की हेस्टर, जरा नजर घाल आणि कसं वाटतं ते कळव. कळवते. वाचून माझं डोकंच फिरलं. अरे बाबा, पोटच्या मुलीचं लग्न आहे. तिथे बाप उठतो, चार शब्द बोलतो, अडखळतो, नाक शिंकरतो आणि खाली बसतो. तेवढ्यासाठी जुन्या मालिकेच्या लेखकाला फोन करून कुणी भाषण लिहून घेतं का? आणि वर कंसात सूचना! 'इथे थांबणे.' 'इथे हशा.' 'इथे चष्मा काढून पुसणे.' तू चष्मा लावतोस कधीपासून? तो चष्मा तू मालिकेत करायचास त्या विल्कॉक्सचा होता, आणि दिव्यांची चमक येऊ नये म्हणून त्याला काचासुद्धा नव्हत्या. पाच जूनला नॅडीनचा हात धरून चर्चमधून चालणारा माणूस तिचा बाप असावा, टीव्हीतला विल्कॉक्स नसावा, एवढीच माझी इच्छा आहे. ही पानं वाचून मला त्याची खात्री उरलेली नाही.

तू म्हणशील, हेस्टर सुरू झाली. हो, झाली. ओहायोत लोक जेवणाच्या टेबलांवर बीफ चघळत नाटक बघतात, त्यांच्यापुढे तू आठवड्याचे सहा प्रयोग करतोस, मोटेलच्या खोलीत राहतोस, त्याला मी नावं ठेवत नाही. काम ते काम. तुझ्या कामाला मी कधीच नावं ठेवली नाहीत. आपल्या गावी, कर्नीला, बाबांच्या पेंडीच्या दुकानात तू पोत्यावर उभा राहून रेडिओवरच्या बातम्या म्हणायचास, तेव्हा बाबा म्हणायचे, 'या कार्ट्याला कुणीतरी खाली उतरवा रे', आणि मी म्हणायचे, राहू दे ना, छान म्हणतोय. पुढे तू खरंच रेडिओवर गेलास, मग हॉलिवूडला. तीन वर्षं काऊबॉयच्या मालिकांत तू फक्त गोळ्या खाऊन पडलास. घोड्यावरून पडलास, छपरावरून पडलास, एकदा पाण्याच्या हौदात पडलास. आई चर्चमध्ये बायकांना सांगायची, आमचा ऑर्विल पडतो फार छान. तुझी बायको लिओना गेली तेव्हा नॅडीन चार वर्षांची होती. मी दोन बॅगा घेऊन महिनाभरासाठी म्हणून तुझ्याकडे आले आणि ती पोर वाढवत इथेच राहिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं.

मग ती विल्कॉक्स कुटुंबाची मालिका आली आणि तू साऱ्या अमेरिकेचा बाप झालास. आठ वर्षं! ते मासिकवाले आले होते, आठवतं? 'विल्कॉक्स यांच्या घरी एक रविवार.' स्टुडिओतल्या प्रसिद्धीवाल्या पोरट्याने फर्मान काढलं की फोटो तुझ्या खऱ्या घरात काढायचे, पण माणसं मालिकेतली. म्हणजे घर आपलं, आणि त्यात वावरायला तुझी टीव्हीतली बायको, टीव्हीतला मुलगा आणि टीव्हीतली मुलगी पेनी झालेली ती पोरगी. मी आणि नॅडीन दिवसभर शेजारच्या मिसेस ग्रबच्या अंगणात. नॅडीन कुंपणाच्या फटीतून बघत होती. मी म्हटलं, चल ग, आत जाऊन लेमोनेड पिऊ, तर म्हणाली, 'थांब ना आत्या, बाबा आता माझ्या खोलीत जातायत.' पुढे दाताच्या डॉक्टरकडे तिने ते मासिक उघडलं. तिच्या पलंगावर, तिच्या पांघरुणात पेनी, आणि शेजारी तू गोष्ट सांगत बसलेला. मला एवढंच म्हणाली, की बाबांना आपल्या घरात पाय पसरून बसता येतं, हे आधी माहीतच नव्हतं. मी तेव्हाच तुला हे सांगितलं होतं. तू म्हणालास, फोटो मात्र छान आलेत.

तू पहाटे स्टुडिओत जायचास आणि ती झोपल्यावर यायचास, तेही समजण्यासारखं होतं. पण सोमवारी संध्याकाळी ती टीव्हीपुढे मांडी घालून बसायची, जाहिरात संपून तू पलंगाच्या कडेवर बसलास आणि पेनीला समजवायला लागलास की ही आणखी पुढे सरकायची. शाळेत कुणाशी भांडली की म्हणायची, बघू या, सोमवारी बाबा काय सांगतात. आणि पंधरा वर्षांची असताना ती शाळा बुडवून समुद्रावर गेली, तेव्हा मी तुला फोन करून बजावलं, आज लवकर घरी ये आणि स्वतः बोल तिच्याशी. आलास. तिच्या पलंगाच्या कडेवर बसलास आणि बोलायला लागलास. दाराबाहेर मला इतकं बरं वाटलं! दोन वाक्यांनंतर ऐकते तर काय, तुझ्याबरोबर तीही म्हणतेय. शब्दन् शब्द. पेनी शाळा बुडवते तो भाग तिला पाठ होता. तू रागवावंस, हसावंस, निदान ओशाळावंस? तिचा एक शब्द चुकला, तर तू तो दुरुस्त केलास! असं करतं का कुणी? तुझ्यापुढे हात टेकले मी त्या दिवशी.

तुझ्यावर काय ओढवलं ते मला कळत नाही असं समजू नकोस. मालिका बंद झाली आणि तुला कुणी दुसरं काही होऊच देईना. खुनी माणसाच्या कामासाठी गेलास, पहिलं वाक्य म्हणालास, आणि समोरचे हसत सुटले, 'अरे, विल्कॉक्स कुणाचा खून करणार!' ते तू स्वयंपाकघरात मला हसत हसत सांगितलंस आणि मग बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिलास. त्या वेळी सगळ्या स्टुडिओला आग लावावी असं वाटलं मला. अजूनही रोज दुपारी चारला ते जुने भाग दाखवतात. आपले होणारे जावईबापू रूबेन, शाळेत सुतारकाम शिकवतात, चांगले दांडगे गृहस्थ, ते लहानपणी तुलाच बघत मोठे झाले. त्यांची आई, मिसेस ओर्तेगा, परवा मला म्हणाली, 'तुमची भाची... नव्हे, आता आमची सून किती भाग्याची, असे वडील मिळाले!' नॅडीन शेजारी तमालींना, त्यांच्याकडच्या मक्याच्या पिठाच्या मुटक्यांना, मक्याची पानं गुंडाळत होती. तिने पुढचं पान उचललं.

आता पान दुसरं. 'मला ती दुपार आठवते. मेपलच्या झाडांखाली नॅडीन पहिल्यांदा सायकलवर बसली होती. मी मागची सीट धरली होती. ती म्हणाली, बाबा, सोडू नका. आणि मी सोडली.' ऑर्विल, व्हॅन नाइजमध्ये मेपलची झाडं कुठून आली? आपल्या रस्त्यावर ताडाची झाडं आहेत आणि एक वाळका लिंबू. ती मेपलची झाडं स्टुडिओच्या मागच्या आवारात होती, पानं सुतळीने बांधलेली. सायकलवर पेनी होती. नॅडीनला सायकल मी शिकवली, मागच्या गल्लीत, ॲप्रन कमरेला खोचून, आणि ती ग्रबबाईच्या कचऱ्याच्या डब्यांवर जाऊन आपटली, अजून हनुवटीला खूण आहे. आधी मला वाटलं, लेखकाने घुसडलं असेल. म्हणून काल तुला फोन केला. तर तू किती मायेने म्हणालास, 'नाही ग, हे माझंच आहे, हे मी स्वतः त्याला सांगितलं. त्या दिवशी तिच्या अंगात पिवळा स्वेटर होता.' मी फोन खाली ठेवला. तू खोटं बोलत असतास तर तुला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पानं मी लपवायच्या आतच नॅडीनने वाचली. मला वाटलं, आता ही भडकणार. भडकली असती तर बरं झालं असतं. शांतपणे घडी घातली आणि म्हणाली, 'बोलू दे ग आत्या त्यांना. त्यांना खरंच तसं वाटतं.' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'पण त्याऐवजी तू त्यांना दुसरं काही सुचव ना. माझी आणि त्यांची, दोघांचीच, खरी घडलेली एखादी गोष्ट.' ऑर्विल, मी वीस वर्षं या घरात आहे. कुठली वस्तू कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येईल. मी काल रात्री झोपेपर्यंत आठवत राहिले, आणि मला एकही गोष्ट सापडली नाही. तिला म्हटलं, सांगते उद्या. तो उद्या म्हणजे आज, ती कामावरून यायच्या आत मी तुला हे लिहितेय. लग्नाच्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या विमानाने येऊन रविवारी पळू नकोस. त्याआधीच्या बुधवारी ये. तिकडे तुझ्याऐवजी कुणीही उभा राहील, लोक बीफ खायला येतात. तिच्या नव्या घराच्या स्वयंपाकघराला रंग द्यायचाय, रूबेन शाळेत असतात, ती एकटीच देणार आहे. जुनी पॅन्ट घालून जा, शिडी धर, रंग अंगावर सांडून घे. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. आणि शनिवारी भाषणाला उठशील तेव्हा मला माहीत नसलेलं काहीतरी सांग.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच बहीण,
हेस्टर