आईच्या टाचेवरची जिवंत पट्टी

प्रिय घुम्या,

या नावाने हाक मारलेली अजून चालते ना? आपण वेगळे राहू लागल्यापासून पहिल्यांदाच लिहितेय, म्हणून आधी बातमी. आईचा पाय वाचला. तिच्या टाचेवरची जखम तुला आठवत असेल. साखरेच्या दुखण्यामुळे ती काही केल्या भरेना. पाय कापावा लागेल असं कानावर आल्यावर आईने डॉक्टरबाईंना सुनावलं, "कापा की, पण मग एकच चप्पल विकणारं दुकानही सांगून ठेवा." त्या हसल्या नाहीत. मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मग त्यांनी जिवंत पट्टी सुचवली. दिसायला दुधावरच्या सायीसारखी, पातळ, ओलसर. दान केलेल्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून जाळीवर बसवतात. जखमेवरही त्या जिवंत असतात, आणि रुसून बसलेल्या मांसाला पुन्हा भरायला लावतात. नर्स चिमट्याने पट्टी अलगद पसरत होती. मी सहज विचारलं, त्वचा कुणाची? "तान्ह्या बाळांची," ती म्हणाली. "कोवळी असते, भराभर वाढते. कुणाची ते मात्र आम्हालाही कळत नाही."

तेव्हापासून मी आईच्या खोलीत पाऊल न वाजवता वावरू लागले. पंखा कमी, रेडिओ बंद. आईला वाटलं, तिच्या झोपेसाठी. एका दुपारी ती पुटपुटली, "पायाशी ऊब लागतेय गं. कुणी निजलंय का तिथे?" औषधाची गुंगी होती, मला कळत होतं. तरी मी पांघरूण उचलून बघितलं. मग रोजच बघत राहिले.

वेडी झालेय म्हणशील. पण आपलं बाळ गेलं त्या सकाळी त्याच्या त्वचादानाला आपण दोघांनी होकार दिला, आणि पुढे त्याच्याविषयी एक अक्षर बोललो नाही. ते न बोललेलं घरातल्या प्रत्येक खोलीत बसून राहिलं. शेवटी आपणच एकेक करून बाहेर पडलो.

काल जखम पूर्ण मिटली. मी डॉक्टरबाईंना विचारलं, त्या पेशी आता आईच्या अंगात राहतील ना? "नाही हो," त्या खुशीत म्हणाल्या, "त्या काम करून निघून जातात. आता आहे ते सगळं आईंचं स्वतःचं." आई येणाऱ्या-जाणाऱ्याला टाच दाखवत होती आणि मी बाहेरच्या बाकावर बसून रडत होते. बाळ गेलं तेव्हा असं रडू आलंच नव्हतं. त्या पट्टीत ते नसेलही. पण माझ्यापुरतं ते दुसऱ्यांदा गेलं, आणि हे सांगायला मला जगात तुझ्याशिवाय कुणी नाही. आईला बघायला म्हणून ये. काही समजावू नकोस, मीही काही विचारणार नाही. फक्त आपण शेजारी बसू, आणि त्याच्यासाठी ठरवलेलं नाव एकदा मोठ्याने घेऊ.

अजूनही,
तुझीच