पंख्याखाली वाळवलेली नाचणी

१२ ऑगस्ट, मंगळवार
ओमतीला जाऊन आले. सदर बाजारातल्या दुकानदाराने सांगूनच टाकलं होतं, अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा नंबर नसेल तर यापुढे पापड-मेतकूट ठेवणार नाही. ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक पांडेजी आहेत, त्यांच्याकडे दीड तास. पापड चालतात. मेतकूट, चिवडा, गोडा मसाला, सगळं चालतं. नाचणी सत्त्वाचं पाकीट हातात घेतलं आणि थांबले. लेबलवर मीच छापून घेतलंय, सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी.
"आंटीजी, छोटे बच्चों का खाना इसमें नहीं आएगा. उसका लाइसेंस अलग है, फैक्टरी वालों का. जाँच-वाँच सब लगती है."
मग हळूच, "बच्चा हटा दीजिए. रागी का आटा लिख देते हैं. सब यही करते हैं."
रागच आला. शाळेतली नोकरी संपल्यापासून हेच तर एक माझं म्हणून आहे. राईट टाउनपासून सदरपर्यंत सत्त्ववाली आंटी म्हणतात मला. किती बाळांचं वरणाच्या पाण्यानंतरचं पहिलं खाणं माझ्या हातचं. आणि आटा लिहू? म्हटलं, ती ओळ कोरी राहू द्या. सत्त्व सोडून बाकीचा फॉर्म गेला.
घरी ह्यांना सांगितलं. "मग बंद कर ना ते." जसा काही टी.व्ही. बंद करायचा.

१४ ऑगस्ट
नाचणीला मोड छान आले. ऊन नाही. दोनदा गच्चीवर पसरली, दोनदा पळत जाऊन गोळा केली. शेवटी मागच्या खोलीत चादरींवर, पंखा पाचवर.
मृणालचा फोन. नवरा सरहद्दीवर, ही सदरच्या लष्करी क्वार्टरमध्ये आठ महिन्यांच्या ईशानला घेऊन एकटी. साताऱ्याची पोर. मराठी ऐकायला म्हणून माझ्याकडे येते. "काकू, पाकीट संपत आलंय, शनिवारपर्यंत मिळेल का? दुसरं काही तोंडातच घेत नाही हो."
हे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दे. ऊन तं पडू दे."
मी देते म्हणून बसले होते.

१६ ऑगस्ट, शनिवार
चादर उचलली तर मधल्या भागाला जरा वास. आंबूस. अगदी जरासा. जास्त वेळ भाजली, खमंग होईपर्यंत. वास गेला. गेला असं वाटलं. दळली, वस्त्रगाळ केली. आठ पाकिटं. लेबल तेच, जुनं.
संध्याकाळी मृ.कडे देऊन आले. ईशानने माझा चष्मा ओढला, हसला. खालचे दोन दात.
पाच पाकिटं बाकीच्यांकडे गेली. दोन घरात.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी मृ.चा फोन. ईशान दवाखान्यात. कालपासून उलट्या, जुलाब, डोळे आत गेलेत म्हणाली. बोलता बोलता रडू येत होतं तिला, आवरत होती.
"काकू, पाणी मी उकळूनच घेते. बाहेरचं काहीच दिलेलं नाही. डॉक्टर विचारताहेत काय काय खाल्लं." मग, "सत्त्व उन्हातच वाळवलं होतं ना, नेहमीसारखं?"
मी हो म्हणाले.
विचार करून नाही. तोंडातून निघालं. पण निघालं.

२० ऑगस्ट
गेले होते. न जाऊन कसं चालेल. एवढासा हात, त्याला फळीचा तुकडा बांधलेला, सलाइन. ओळखलं नाही मला. नुसता बघत होता.
डॉक्टरीण बाई आल्या. मृ. सांगू लागली, घरी बनवलेलं नाचणी सत्त्व देते. "घर का मतलब? आपने बनाया?" मी शेजारीच उभी. म्हटलं, मैंने.
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, या मौसमात काहीही असू शकतं, पाणी, बाटली, हात. वॉर्डात अशीच आणखी दोन बाळं आहेत, त्यांनी सत्त्व खाल्लेलं नाही. माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच स्वतःची किळस आली. दोन बाळं आजारी असल्याचा मला आनंद?
"छोटे बच्चों का खाना ऐसे घर से बेचना मना है, पता है न आपको?"
पता होता. १२ तारखेपासून. पाकीट दिलं १६ला.

२१ ऑगस्ट
पाचही घरी फोन केले. देऊ नका, फेकू नका, मी येऊन घेऊन जाते. काहून, विचारलं की "थोडी नमी रह गई है" एवढंच. एकीने तर तीन दिवस दिलं होतं, तिचं बाळ ठणठणीत. एकीने तासाभरात ग्रुपवर टाकलं, सत्त्ववाली आंटी माल परत घेऊन राहिली आहे, कुछ गड़बड़ है.
चार पाकिटं परत आली. पाचवं त्यांनी नाल्यात टाकलं म्हणे.
जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
ईशान घरी आला. मृ.ने फोटो पाठवला, मांडीवर बसलाय, बारीक झालाय. खाली लिहिलंय, काकू, आता बरा आहे, काळजी करू नका. माझी काळजी करून राहिली ती.
हे सकाळी तिलवाऱ्याला निघाले होते, मित्राच्या घरी. चपला घालता घालता, "ती पाकिटं दे. पुलावरून नदीत सोडून देतो. विषय संपला."
"नाही."
"अगं, पोरगा बरा झाला. कोणी तुला काही म्हटलेलं नाही. उद्या कोणी तक्रार केली, केस झाली, तर काय? म्हातारपणी कचेऱ्या करायच्या? काहून ओढवून घेऊन राहिली आहेस अंगावर?"
हे वाईट नाहीत. घाबरले आहेत. चाळीस वर्षांत मला असे घाबरलेले दिसले नव्हते. मी पाकिटं माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. ते तसेच गेले.

२५ ऑगस्ट, सोमवार
अन्नसुरक्षेच्या ऑफिसात गेले. बाई तरुण आहेत. मी सांगत गेले, त्या पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मोड आणले, ऊन नव्हतं, पंख्याखाली वाळवलं, वास आला, तरी दळलं, तरी दिलं. बाळांसाठी म्हणून दिलं. पहिल्यांदाच मोठ्याने बोलले सगळं. हिंदीत बोलले म्हणून जमलं बहुतेक.
"बेचने वाला खुद जाँच कराने आए, ऐसा कम होता है," म्हणाल्या. शाबासकी नव्हती ती, आवाज कोरडाच होता. दोन बंद पाकिटं तपासणीला द्यायला लावली, अर्जावर नाव-पत्ता-सही. साधारण दोन आठवडे. रिपोर्ट खराब आला तर कारवाई होऊ शकते, हेही सांगितलं. आणि काही असो, बाळांसाठी म्हणून पुन्हा विकायचं नाही. लिहून घेतलं.
सही करायला पेन दोनदा उचललं. शाळेत इतक्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
गणपती बसले. मोदकांच्या ऑर्डरी यंदा मीच नाही घेतल्या. आल्याही फार नव्हत्या. अकराच मोदक केले, घरच्या नैवेद्यापुरते. आरतीला हे माझ्याकडे बघत नव्हते. मी ऑफिसात गेले होते, ते काल कळलं त्यांना.

२९ ऑगस्ट
मृ.कडे. दारातच सांगितलं, आत गेले असते तर चहा पुढे आला असता आणि मग जमलं नसतं.
"मृणाल, त्या वेळेला ऊन नव्हतं गं. नाचणी पंख्याखाली वाळवली. वास आला होता थोडा."
ईशान तिच्या कडेवर होता. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.
"तुम्ही फोनवर हो म्हणालात."
"हो."
"मी डॉक्टरांना तेच सांगितलं, काकू. खात्रीचं आहे, उन्हात वाळवलेलं असतं. त्यांनी मग ते विचारणंच सोडून दिलं. पाण्याचंच धरून बसले." मग, "मी आईला सोडून तीनशे कोसांवर आलेय. तुमच्या भरवशावर होते मी."
तपासणीला दिलंय, एवढं सांगितलं.
"तुम्ही आता जा."
पायऱ्या उतरले. ऑटो मिळेना. चालतच निघाले.

३ सप्टेंबर
पांडेजींचा फोन, नोंदणी झाली. पापड, मेतकूट, मसाला, चिवडा. "बधाई हो आंटीजी, अब दुकान पर खुलकर रखिए." चौदा आकडी नंबर. कागदाचं प्रिंट घेऊन आले, टेबलावर पडलंय. हे म्हणाले, "चलो, एक तर झालं." बऱ्याच दिवसांनी धड बोलले.
पापडाचं पीठ भिजवायला घ्यावं म्हणून उठले. डब्यात हात घालवेना. वास घेत बसले पिठाचा. काही नव्हतं. तरी पुन्हा पुन्हा.

५ सप्टेंबर, शुक्रवार
गढ्याहून एका नव्या आईचा फोन. बाळ सात महिन्यांचं, कोणी माझं नाव सांगितलं. म्हटलं, अब नहीं बनाती. "क्यों आंटी? सब तो आपकी तारीफ़ करते हैं." सब नहीं, मी म्हणाले. डॉक्टरांना विचारून घरीच कर, ताजं, थोडं थोडं. तिला वाटलं मी पैसे वाढवायला बघते. तिनेच फोन ठेवला.

९ सप्टेंबर, मंगळवार
दुपारी ऑफिसातून फोन. रिपोर्ट आलाय, खुद आकर ले जाइए. कैसा है, विचारलं. "फोन पर नहीं बताते."
ह्यांना सांगितलं. पेपर घडी करून ठेवला त्यांनी. मग, "मी येऊ?" नको म्हटलं. मग वाटलं हो म्हणायला हवं होतं.
मृ.ला लिहिलं, उद्या अकराला रिपोर्ट मिळतोय, तुझं येणं झालं तर दोघी मिळून वाचू, नाही झालं तरी जो असेल तो मी तुला आहे तसा दाखवीन. चारला पाठवलं. तिने वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. आता साडेआठ. उत्तर नाही.
ऑफिसच्या वाटेवर मृ.चं सदर येत नाही. तरी उद्या ऑटो तिकडूनच न्यायला सांगीन.