संशय कोणावरही नाही

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या गणिताच्या वर्गात निम्मी मुलं नापास झाली हे वाचून नाना पोट धरून हसले. पोरगी माझ्यावर गेली नाही, म्हणाले. माझं चष्म्याचं दुकान ठीक चाललंय.

काळजी वेगळीच आहे. आमच्या गल्लीतून महिन्याभरात तीन स्कूटर गेल्या, तिन्ही जुन्या. नव्या गाड्यांना कोणी हात लावत नाही. शिंप्याची तर भरदुपारी गेली. तो आत गिऱ्हाइकाचं माप घेत होता, बाहेर दोघांनी ती अख्खी उचलून टेम्पोत घातली. हँडलला लॉक होतं, पण उचलूनच नेणाऱ्याला लॉकचं काय!

आणि आपले नाना! टेलिफोनच्या तारा जोडत तीस वर्षं ज्या निळ्या स्कूटरवर गावभर हिंडले, ती वाचनालयाबाहेर किल्लीसकट सोडून येतात. बोललो, तर म्हणाले की माझ्याशिवाय दुसऱ्याच्या किकने ती सुरूच होत नाही. हल्ली विसरतातही फार. परवा एकच वर्तमानपत्र दोनदा विकत आणलं. काय करू, सांग.

तुझी माया आहेच, ती पत्रातूनही येत राहू दे.

तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी सायकलला कुलूप लावून किल्ली तिच्याच टोपलीत ठेवणारा तू, आता पहारेकरी झालास! बरं, ऐक. गाडी पुढच्या दारी ठेवूच नकोस. मागच्या बोळात घे. फरशीत लोखंडी कडी पक्की बसवून घे आणि जाड साखळी चाकातून ओवून कडीला लाव. वर साधं करडं कव्हर घाल. आत काय आहे तेच दिसलं नाही, तर चोर थांबेल कशाला? मेकॅनिककडून सीटखाली एक चोरबटण बसवून घे, ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच व्हायला नको. बाहेर नेलीस तर भिंतीला लागून, दोन गाड्यांच्या मध्ये, राखणदाराच्या नजरेसमोर लाव.

किल्ली तुझ्याकडे ठेव. नानांवर रागावू नकोस, गोडीगुलाबीने घे. ते तिसरं लेकरू आहे त्यांचं, आणि आपल्या दोघांपेक्षा त्याने त्रास कमी दिलाय.

जिवाला जप आणि असाच हक्काने सल्ला मागत जा.

ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. गवंड्याने कडी अशी बसवली आहे की घर हलेल, पण ती हलणार नाही. कव्हर घातल्यावर तर शेजाऱ्यांना वाटलं, मी कपाट आणून ठेवलंय.

नानांनी पहिल्या दिवशी विचारलं, गाडी कुठंय. बोळात नेऊन कव्हर उचलून दाखवली. हसले, सीटवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानात गर्दी असते गं. मग मी काउंटरवरूनच, आहे हो जागेवर, असं सांगायला लागलो. आठवड्याभरात त्यांनी विचारायचं सोडलं.

आता जेवण झालं की चालायला जातात. संध्याकाळी पाय धुळीने भरलेले असतात. कुठे गेला होतात विचारलं की म्हणतात, इथेच. उन्हाचं जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत. पण दोन घास जास्त जातात, म्हणून मीही फार अडवत नाही.

मुलांना माझे पापे. तुझ्या मनात जागा आहे, तशीच असू दे.

तुझा धाकटा

६ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बसून चारच ओळी लिहितेय. नाना चालतात हे वाचून जीव निवांत झाला. या वयात पाय चालते राहिलेले बरे. टोपी घालायला सांग. गाडीची काळजी मिटली, आता तूही जरा शांत झोप. परीक्षा आटोपल्या की येतेच.

भेटीपर्यंत आठवण धरून राहा.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नानांना जाऊन आज अठरा दिवस झाले. तू परत गेल्यापासून दुकान रोज उशिराच उघडतोय. बाजाराच्या वाहनतळावर ऊन लागून कोसळले आणि दोन दिवसांत संपलं, एवढंच आपल्याला माहीत होतं. ते तिथे कशाला गेले होते, हे आपण एकमेकांना विचारत राहिलो. काल कळलं.

चौकीतले हवालदार दुकानात आले. तुमचे वडील बरे आहेत ना, हल्ली दिसत नाहीत, म्हणाले. मी सांगितलं तेव्हा टोपी काढून बसूनच राहिले. नाना रोज दुपारी चौकीत जायचे, गं. स्कूटर सापडली का विचारायचे, पाणी प्यायचे आणि स्वतःच शोधायला निघायचे. एकेका वाहनतळावर वाकून वाकून प्रत्येक गाडीची नंबरपाटी वाचायचे. गावातली एक गाडी सोडली नसेल त्यांनी. आपल्या बोळातलं ते करडं कव्हर तेवढं उचललं नाही.

हवालदारांनी नानांनी दिलेला चोरीच्या तक्रारीचा अर्ज दाखवला. अक्षर तुला माहीत आहे, तारेसारखं सरळ. गाडीचा नंबर अचूक. संशय कोणावर, याच्यापुढे लिहिलंय, संशय कोणावरही नाही. आणि खाली लिहिलंय, कृपा करून घरी कळवू नये. किल्ली मुलाकडे असते. गाडी त्याच्या हातून गेली असं त्याला वाटेल, आणि तो जेवायचा नाही.

ताई, हे सगळं मनात ठेवून ते रोज माझ्यासमोर ताटावर बसत होते. माझ्याकडे बघून हसत होते.

आता अर्ज बंद करायचा, तर गाडी सापडली आणि ती कुठे सापडली, हे घरच्या कोणीतरी लिहून द्यायला हवं. कालपासून तीन कागद फाडले. कुठे, इथपर्यंत आलं की हात चालत नाही.

माझ्यावर राग धरू नकोस, एवढंच मागतो.

तुझा धाकटा

१५ एप्रिल

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

शाळेत रजा टाकली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने येते. तुझं पत्र मुलांना वाचून दाखवायला घेतलं, पण पुरं करता आलं नाही.

चौकीत आपण दोघं जाऊ. तू नुसता शेजारी उभा राहा. गाडी घरातच होती, कव्हराखाली होती, हे मी लिहीन. ते कव्हर घालायला मी सांगितलं होतं. खाली सहीही माझीच असू दे.

मी वाटेत काही खाणार नाही. शनिवारी दोन ताटं मांडून ठेव, आणि तोवरचे दिवस उपाशी काढू नकोस, बाळा. त्यांनी तेवढंच मागितलं होतं.

तुझीच,
ताई