उलट बोलण्याची शिकवणी

प्रिय तोफ,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. आमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा आपोआप विझतो. तळमजल्यावर खटका दाबला की तो लागतो, आणि नेमका इतकाच वेळ जळतो की एखादा तरुण, बिनपिशवीचा, बिनसंसाराचा माणूस धावत तिसऱ्या मजल्यावर पोचावा. माझ्यासारखी गुडघे आणि भाजी दोन्ही सांभाळत चढणारी बाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली की तो डोळे मिटतो. पुढचा खटका तिथेच भिंतीवर आहे, पण तो शोधायला उजेड लागतो. ही योजना ज्याने आखली त्याला वीज वाचवल्याबद्दल कुणीतरी पदक दिलं असेल. दोन्ही हातांत पिशव्या धरून मी त्याला रोज जे देते ते पदक नव्हे.

शाळेतल्या मुलांनी तुला ठेवलेलं नाव मी आज पहिल्यांदा तुझ्या तोंडावर घेतलं, रागावू नकोस. समुद्र मध्ये आहे म्हणून धीर झाला. आणि दिव्याचं पुराण उगाच लावलेलं नाही. माझा इथला सगळा धंदा त्या अंधारातच उभा राहिला. पण आधी माझी फजिती कशी झाली ते सांगते, तुला तेच आधी हवं असतं.

इथे येताना मी यांना बजावलं होतं, तुला ठाऊकच आहे. तुमची शीतगृहातली नोकरी तीन वर्षांची, माझी बिनपगारी रजा एका वर्षाची. वर्षाच्या आत मला माझे स्वतःचे विद्यार्थी मिळाले तर राहीन, नाही मिळाले तर शाळा उघडायच्या आत परत जाईन आणि नववीच्या वर्गावर उभी राहीन. तुमच्या डब्याला झाकण लावायला मी समुद्र ओलांडलेला नाही. यावर हे "बरं" म्हणाले. पावसाचा अंदाज ऐकून माणसं जसं बरं म्हणतात, तसं.

मला वाटलं, यात अवघड ते काय? इथली भाषा वेगळीच. इंग्रजी इथे सगळ्यांनाच परकी, आणि सगळ्यांनाच हवी. मी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. म्हणून गेले शिकवण्या जुळवून देणाऱ्या एका दलालाकडे. लग्नं जुळवणाऱ्यासारखाच माणूस, फक्त त्याच्याकडे पत्रिकेऐवजी फोटो लागतो. त्याने मला तासभर तपासलं, माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा चांगलं निघाल्याबद्दल मनापासून अभिनंदन केलं, आणि मग हळहळत म्हणाला की बाई, पालकांना जन्मजात इंग्रजी बोलणारा माणूस हवा असतो. आणि तो दिसायलाही तसाच हवा. मी विचारलं, इंग्रजी नेमकं कुठून दिसतं? तर हसला. मार्ग मात्र त्याच्याकडे होता. मी फक्त फोनवर शिकवायचं, चेहरा दाखवायचा नाही, आणि नाव ते देतील. छानसं, गोरंगोमटं. मी त्याला सांगितलं, एक नाव माझ्या वडिलांनी ठेवलं, दुसरं सासरच्यांनी लग्नात बदललं. तिसऱ्यांदा बारसं करून घ्यायची माझी हौस फिटली आहे. आणि उठले. फार शूर वाटलं असेल तुला, पण खरं सांगायचं तर बसथांब्यावर येईपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं, तो हाक मारतो का म्हणून.

त्यानंतर कितीतरी महिने कुणी फिरकलं नाही. दुकानांत, दवाखान्यात, वाचनालयात मी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. वाचनालयातल्या चिठ्ठीवर कुणीतरी भाज्यांचा हिशेब केला, एवढाच प्रतिसाद. हे एकदा सहज म्हणाले की हौस म्हणून ठीक आहे, पण एवढं मनाला लावून घेऊ नये. "हौस" हा शब्द बायकांच्या कामाला लावायला कुणी शोधून काढला असेल, त्याला त्या दिव्यावाल्याच्या शेजारी बसवते.

अशात एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा गेला आणि माझा तोल गेला. बटाटे गडगडत खाली चालले आणि मी तोंड उघडलं. मराठीत ओरडून कुणाला कळणार, म्हणून इंग्रजीत ओरडले. दिवा, जिना, हे शहर, तो दलाल, सगळ्यांचा क्रमाने उद्धार केला. वर्गात वाक्यं पाडतो तशी स्वच्छ, ठणठणीत वाक्यं पडली. थांबले तेव्हा एक दार उघडलं होतं आणि उजेडात आमची घरमालकीण उभी होती. म्हातारी, विधवा, काडीसारखी, हातात माझा एक बटाटा. आतापर्यंत आमचं बोलणं मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. माझी इथली भाषा बाजारापुरती आणि तिचं इंग्रजी त्याहून कमी. तिचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. ती मराठीत बोलली असती तर अशीच बोलली असती, खात्री बाळग. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हे असं बोलायला मला शिकवाल?"

तिची मुलगी लग्न करून दुसऱ्या देशात गेली आहे. जावई इंग्रजीशिवाय काही बोलत नाही. मुलगी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगते. आणि म्हातारीचं म्हणणं असं, की माझी मुलगी दुभाषी नाही, गाळणी आहे. मी कडक बोलले की ती त्यातला चोथा काढून टाकते आणि त्याच्यापुढे पाणी ठेवते. आता जावयाने टुमणं लावलं होतं, की इमारत विका आणि वृद्धाश्रमात छान खोली घ्या. उन्हाळ्यात तो कागद करायलाच येणार होता. म्हातारीला त्याच्याशी भांडायचं होतं, न गाळता.

मला पहिली विद्यार्थिनी मिळाली गं. आणि मी काय केलं असेल? पहिल्या दिवशी मी तिला तिच्याच बैठकीच्या खोलीबाहेर उभं केलं, दार लोटलं, आणि शिकवलं की दारावर टकटक करून म्हणायचं, मे आय कम इन, टीचर? बिचारीने म्हटलं. मी कम इन म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने दारातच मला त्याचा अर्थ विचारला. मी खाणाखुणा करून सांगितला. ती आत येऊन तिच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "घर माझं. मी परवानगी कुणाची मागू?"

त्या दिवशी घरी येऊन मी आपला पहिल्या वर्षाचा सगळा पाठ मनात म्हणून पाहिला. आत येऊ का, बाहेर जाऊ का, पाणी पिऊ का, माफ करा उशीर झाला, कृपया पुन्हा सांगाल का. मुलांच्या तोंडात पहिली परकी भाषा घालायची आणि त्यात पहिली गोष्ट कोणती, तर परवानगी. तू हसशील, तू वर्गात कधीच हे घोकून घेतलं नाहीस. तुझ्या वर्गात पोरं धाडकन आत यायची आणि मी शेजारच्या वर्गातून नाक मुरडायची.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासक्रम बदलला. पहिला धडा, नाही. दुसरा, माझं बोलणं संपलेलं नाही. तिसरा, मुलीकडे नको, माझ्याकडे बघून बोला. सराव म्हणून मी यांचा कोट घालून जावई व्हायची आणि गोड गोड बोलून इमारत मागायची. म्हातारीची अडचण भाषेची नव्हतीच मुळी. नाही म्हणायची ते ठीक म्हणायची, पण म्हटल्यावर लगेच हसायची, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. ते हसू काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी मी तुला आणलं. तू स्वच्छतागृहाची किल्ली बायकांकडे राहावी म्हणून मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर जशी उभी राहिली होतीस, पाय घट्ट रोवून, पर्स टेबलावर, आवाज खाली आणि नजर वर, तशी मी तिला करून दाखवली. तिने ती तुझी उभं राहायची ढब हुबेहूब उचलली. एका संध्याकाळी सराव आमच्याकडे चालला होता आणि हे लवकर घरी आले, तर त्यांच्या कोटातली बायको खुर्चीत बसलेली आणि घरमालकीण तिला इंग्रजीत झापते आहे. यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. आल्या पावली फिरायला गेले.

जावई आला. म्हातारीने मलाही भाडेकरू म्हणून चहाला बसवलं. माणूस दिसायला सभ्य, आवाज मऊ. त्याने इमारतीचं गळणारं छप्पर, तिचं वय, जिन्याचा अंधार, सगळं मुद्देसूद मांडलं, आणि मुलीने ते सांगायला तोंड उघडलं. म्हातारीने तिच्या मनगटावर हात ठेवला, उभी राहिली, पाय रोवले आणि इंग्रजीत बोलली. व्याकरणाचा खून होता तो. मी वहीत पाहिलं असतं तर लाल शाई पुरली नसती. पण अर्थ लख्ख. नाही. घर माझं. मी इथे जगते, इथे मरते. माझं बोलणं संपलेलं नाही. आणि हसली नाही.

जावयाचा चेहरा पडला, पण रागाने नाही. तो बायकोकडे वळून म्हणाला, "तू तर म्हणालीस, आईलाच जायचं आहे." आता पाहा. गाळणी दोन्ही बाजूंनी चालत होती. मुलीने आईला सांगितलं होतं की त्याने ठरवलं आहे, आणि त्याला सांगितलं होतं की आईने. एवढ्या लांबून आईची काळजी करून ती थकली होती, दुसरं काही नाही. मग मायलेकींचं त्यांच्या भाषेत जे झालं त्यातलं मला फारसं कळलं नाही, पण त्या भांडणासाठी म्हातारीने शिकवणी लावलेली नव्हती, आणि तेच तिला जास्त जड गेलं. मी आणि जावई खाली मान घालून चहा पीत राहिलो. इमारत विकली नाही. मुलगी दोन दिवस जास्त राहून गेली.

मग काय. म्हातारीने तोंडाला कुलूप लावलं नाही. आधी कोपऱ्यावरचा शिंपी आला, त्याला परदेशी गिऱ्हाइकं शिवलेला कपडा परत करताना वाट्टेल ते बोलतात. मग दवाखान्यातली परिचारिका, तिची डॉक्टरीणबाई परदेशातून आलेली. मग टॅक्सीवाला आणि त्याची बहीण. सगळ्यांना एकच हवं, समोरच्याला आपल्या तोंडाने उत्तर देता यावं. माझं नाव विचारणारा, दिसणं बघणारा एकही नाही. परवा दलालाचा फोन आला, की तुमच्याच नावाने काम करू, चेहऱ्यासकट. मी म्हटलं, शनिवारपर्यंत वेळ नाही, निरोप ठेवा. खोटं नव्हतं. हे आता कोट स्वतःहून खुर्चीवर काढून ठेवून जातात. "हौस" शब्द घरात ऐकू येत नाही.

आता मूळ मुद्दा, जो मी पहिल्या ओळीपासून टाळते आहे. तुझं पत्र मिळालं. तू संस्थेच्या कार्यालयात दिवसभर ठाण मांडून माझी रजा आणखी एक वर्ष वाढवून घेतलीस. मला न विचारता, माझ्यासाठी. माझ्यासाठी तू नेहमीच भांडलीस, आणि मी नेहमीच तुझ्या मागे उभी राहून मान हलवली. सहलीचं ठिकाण तू ठरवायचीस, स्नेहसंमेलनातली माझी कामं तू ठरवायचीस, आणि मला ते सोयीचं होतं. आज मात्र नाही म्हणते. मला ती रजा नको. माझा राजीनामा आजच मुख्याध्यापकांकडे रवाना होतो आहे. माझ्या जागेवर तात्पुरती लावलेली ती पोरगी, जिला दर सत्राला घरी पाठवायची धमकी देतात, तिला कायम करा. भांडायचंच असेल तर तिच्यासाठी भांड. तू चिडशील, उत्तर पाठवणार नाहीस, मग न राहवून चार पानी शिव्या पाठवशील. पाठव, मी उत्तर देईन. आणि हो, निघताना विमानतळावर तू अंगातून काढून माझ्या अंगावर घातलेला तो करडा स्वेटर, आल्यावर परत देईन म्हटलेला, तो वेगळ्या पार्सलाने पाठवला आहे. धुतला आहे. वरून दुसरं बटण हरवलं होतं, त्या रंगाचं इथे मिळालं नाही, जवळपासचं लावलं आहे. मी इथे माझा घेतला.

तुझीच,
शेजारच्या खुर्चीतली