भाऊसाहेबांच्या हनुवटीखालचा गुंता

प्रिय ठमे,

परवाच्या फोटोत भाऊसाहेबांच्या हनुवटीखाली टक्कल दिसतंय, ते कसलं, असं तू विचारलंस आणि मी ऋतू बदलतोय, केस गळताहेत असं सांगून वेळ मारून नेली. केस गळताहेत हे खरंच आहे. पण ते टक्कल त्याचं नाही. पुढच्या आठवड्यात तू येशील, आल्या आल्या तुझ्या त्या लाडक्या सशाला उचलशील, गळ्याखालून हात फिरवशील आणि तुझ्या बोटांना टाक्यांचा वण लागेल. मग तू विचारणार, आणि उत्तर तुझ्या बाबांना द्यावं लागणार. ते तसं होऊ नये म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की ते कामधाम सोडून माझ्या शेजारी येऊन बसतात.

आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घे, मग बाकीचं. तू नोकरीला गेलीस आणि थोडे दिवस सांभाळ म्हणून हा नवाब माझ्या पदरात टाकून गेलीस. ससा म्हणजे काय, गवत टाकलं की झालं, असं मला वाटलं होतं. अगं, तुझ्या लहानपणी तुझं केलं नाही एवढं मी त्याचं करते. सकाळी उठले की आधी त्याचा कोपरा. ओलं गवत काढायचं, लेंड्या भरायच्या, खालचा ट्रे व्हिनेगर घालून धुवायचा, नाहीतर दुपारपर्यंत त्या वासानं डोळ्यांत पाणी येतं. मग त्याची मागची बाजू तपासायची. अंगावर एवढा केसांचा पसारा घेऊन बसल्यावर त्याचं त्याला कुठे स्वच्छ राहता येतंय. काही चिकटलेलं असलं की मक्याचं पीठ भुरभुरवून बोटांनी हळूहळू सोडवत बसायचं. आंघोळ घालायची नाही हे तू बजावून गेली होतीस आणि ते मी पाळलं आहे, पण एखाद्या दिवशी त्याला सरळ नळाखाली धरावंसं वाटतं हेही खरं. तो पाय झाडतो, मी घामाघूम होते, आणि सगळं झाल्यावर महाराज माझ्याकडे पाठ करून बसतात. घरात केस किती म्हणून सांगू. चहात केस, चष्म्यावर केस, धुतलेल्या चादरीवर केस. मी थकले आहे गं. वयाचा थकवा असेल, पण सगळाच वयाचा नाही.

एक काम मात्र माझ्या वाट्याचं नव्हतं. विंचरणं तुझ्या बाबांकडे. घरात धंद्याचा माणूस असताना तू कंगवा कशाला धरतेस, असं म्हणून त्यांनीच ते ओढून घेतलं. दुकानातून आले की हातपाय धुऊन सलूनमधलं जुनं कापड मांडीवर पसरायचे, भाऊसाहेबांना त्यावर बसवायचे आणि मग अगदी गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यासारख्या गप्पा. काय साहेब, बऱ्याच दिवसांनी येणं केलंत, बाजूनं कमी करू का, घरची काय म्हणतात. तो ससाही बेटा कान मागे टाकून निवांत पडून राहायचा. माझ्या हातात नखं कापताना जिवावर उठणारा प्राणी त्यांच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून घ्यायचा. मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं. सुटलेले केस ते एकूण एक उचलायचे. सशानं चाटून केस पोटात घेतले तर त्याला ओकता येत नाही, पोट बंद पडतं, हे तू फोनवर सांगितलेलं त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की विंचरून झाल्यावर ओला हात फिरवून पुन्हा एकदा तपासायचे.

तर हनुवटीखाली एक गुंता झाला होता. पाण्याच्या भांड्यात मान घालून घालून तिथले केस ओले राहतात आणि त्यांची गाठ बसते. लिंबाएवढी नाही, पण सुपारीएवढी तरी होती. गुंता बोटांनीच सोडवायचा, नाहीतर कंगव्याच्या टोकानं एकेक बट मोकळी करायची, कात्री अजिबात लावायची नाही, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा तुझे बाबा मान डोलावून बाहेर आले आणि रस्ताभर फणफणत होते. ज्यानं उभं आयुष्य कात्री चालवली त्याला म्हणे ही बाई कात्री लावू नका सांगते. ही गाठ सोडवायला बसले त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. ते बराच वेळ त्या गाठीशी खेळत बसले होते. बोटं नुसती सरकत होती, पकड येत नव्हती. मी ससा धरला होता, म्हणून मला सगळं जवळून दिसत होतं. शेवटी उठले आणि दाढीमिशी बेतायची छोटी कात्री घेऊन आले. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, तू धर नीट, हलू देऊ नकोस.

ससा हलला नाही, ठमे. हे मी तुला शपथेवर सांगते, कारण त्यानंतर आम्ही दोघंही तो हलला असंच सगळ्यांना सांगत आलो आहोत. सशाची कातडी किती पातळ असते हे तुला ठाऊक आहे, गाठीबरोबर ती वर ओढली गेली आणि कळलंसुद्धा नाही. आधी रक्तही आलं नाही, नुसती गुलाबी फट दिसली. भाऊसाहेब ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत, फक्त त्यांचं छातीतलं धडधडणं माझ्या मनगटाला लागत होतं. तुझ्या बाबांनी कात्री खाली ठेवली तेव्हा ती फरशीवर टकटक वाजली. ठेवताना हात स्थिर नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. आम्हाला बोलणी बसतील म्हणून मी तयारीनं गेले होते, पण त्या काही बोलल्या नाहीत. जखम पुसून झाल्यावर त्यांनी मलमाची डबी तुझ्या बाबांच्या हातात दिली, आणि त्यांच्याकडून झाकण डबीवर बसेपर्यंत बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, काका, हात केव्हापासून असा होतोय? तुझे बाबा हसले, थंडी आहे म्हणाले. थंडी नव्हती. बाई म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर आहे, पण तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे लवकर जा. बाहेर आल्यावर ससा मांडीवर घेऊन ते पायरीवरच बसले. सशाला दाखवायला आलो आणि माझीच तपासणी झाली, असं म्हणून पुन्हा हसायला गेले, पण ते जमलं नाही.

मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. चहाचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा मी बशी देणं बंद केलं होतं. शर्टाचं वरचं बटण ते उघडंच ठेवायला लागले, उकडतंय म्हणून. दुकानातही कळत गेलं होतं म्हणे. कारागिरानं मला नंतर सांगितलं, जुनी गिऱ्हाइकं काकांना वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम गर्दीच्या वेळी येतात आणि घाईत आहोत असं सांगून माझ्या खुर्चीत बसतात. ते मास्तर आठवतात ना, तुला खडू द्यायचे ते? ते एकटेच अजून बाबांकडून दाढी करून घेत होते, गालाला कापूस लावून घरी जात होते आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येत होते. हे ऐकल्यावर मी मोरीत जाऊन रडून घेतलं. माणसांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नसांचा आजार आहे, गोळ्यांनी कंप कमी होईल, जाणार नाही. आता दुकान कारागीर चालवतो. हे सकाळी जातात, खुर्चीची कापडं झटकतात, पेपर वाचून दाखवतात, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात आणि जेवायला घरी येतात. तुला यातलं काही कळू द्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. ती लांब आहे, तिचा जीव टांगणीला लावू नकोस, म्हणतात. फोनवर दुकान जोरात चालल्याचं तुला सांगतात ते खोटं नाही, फक्त ते चालवत नाहीत.

त्यांची दाढी आता मीच करते. हसू नकोस. साध्या रेझरनं करते, आणि समोर बसून ते मला शिकवतात. कातडं ताण, वरून खाली ये, घाई करू नकोस, गिऱ्हाईक पळून चाललेलं नाही. म्हणजे बघ, सकाळी सशाची मागची बाजू आणि मग नवऱ्याची हनुवटी. दोघंही नखरे करतात. दोघांचीही नखं मीच कापते, आणि सशाच्या नखातली शीर उजेडात निदान दिसते, यांच्या मनात काय दुखतंय ते कोणत्याच उजेडात दिसत नाही. विंचरायलाही आता ते बसत नाहीत. मी म्हटलं, कंगव्यानं काही कापलं जात नाही, घ्या ना. तर म्हणाले, त्याला माझा वास आला की तो आक्रसतो. तसं काही नाही. तो अजूनही त्यांच्या पायाशीच जाऊन बसतो, हे पाय वर घेतात.

आता परवाचं. तू फोनवर त्यांना मोठ्या लाडात सांगितलंस की गेल्यापासून मी केसांना कुणाला हात लावू दिलेला नाही, जंगल झालंय, आल्यावर तुमच्याच हातून कापून घेणार, माझी खुर्ची रिकामी ठेवा. ते म्हणाले, ये ये, कात्रीला धार लावून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री बाहेर काढली, तेल घातलं, आणि मला म्हणाले, जरा बस बघू माझ्यापुढे. मी बसले. काय करणार? मानेवर कापड बांधतानाच त्यांना गाठ मारता येईना, ती मीच मारली. कंगवा फिरवला तो मात्र पूर्वीसारखाच, मला क्षणभर वाटलं जमेल. मग कात्री कानाजवळ आली. पातं कानाच्या पाळीला लागत होतं, सुटत होतं, पुन्हा लागत होतं. मी डोळे मिटून बसून राहिले. एकच बट कापली गेली. मग त्यांनी कात्री ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात नुसता थरथरत राहिला. त्यानंतर त्यांचं जेवण अर्ध्यावर आलंय. तुला नाही म्हणणं त्यांना या जन्मात जमणार नाही. तू मागशील आणि ते कापायला उभे राहतील, आणि तूही माझ्यासारखीच डोळे मिटून बसशील, मला ठाऊक आहे. मग बापलेकींनी पुढे एकमेकांकडे बघायचं कसं?

म्हणून हे पत्र. निघायच्या आधी केस कापून ये, ठमे. तिथल्या कुठल्याही सलूनमध्ये जा आणि इतके बारीक कर की नीट करायलासुद्धा काही उरू नये. ऑफिसात काहीतरी होतं, अचानक कापावे लागले, असं सांग. आयुष्यभर खोटं बोलू नकोस म्हणून तुला धपाटे घातले आणि आज मीच खोटं शिकवते आहे, पण माझ्या अंगात आता याहून दुसरं काही करायची ताकद नाही. आजाराचं तुला कळलंय हे चेहऱ्यावर येऊ देऊ नकोस, ते सांगतील तेव्हा सांगतील. दारात तुला बघून ते चिडतील. आपल्या घरात बाहेरची कात्री म्हणून अबोला धरतील, मग राहवणार नाही, तुला उजेडात उभी करतील, मान इकडे तिकडे वळवून ज्यानं कापले त्याच्या सात पिढ्या काढतील, ही बाजू खाली, ती वर, मागे पायऱ्या पाडून ठेवल्यात म्हणतील. म्हणू दे. पोटभर बोलू दे. नामांकित ठिकाण बघत बसू नकोस. वाईट कापले गेले तरी चालतील, वाईट कापले गेले तर फारच बरं.

तुझीच, आणि नाइलाजानं भाऊसाहेबांचीही,
आई