बारा ठिपके, पाच सूर

ता. १-१२-३६, मंगळ
मनीनं आज पुन्हा जीव खाल्ला. मीठ एवढं घालू? पाट इथं मांडू? चुकलं का आई? देवळ्याहून, सासरहून, परत आली त्याला आठ महिने झाले. दिवाळीला तिकडून साधं कार्ड नाही. तिथं सासू हिनं केलेलं रोज मोडायला लावायची नि परत करायला लावायची. भाकरी, सारवण, डोक्यावरचा अंबाडा सुद्धा. एकवीस वर्षांची घोडी, पाणी प्यायला विचारते. मी ओरडले, पी की मेले! मग रडत बसली. माझं हे असंच. तोंड आधी, डोकं मागून.

सालू मास्तर जेवत होता, त्यानं ऐकलं. मागच्या खोलीतला भाडेकरू, गोव्याचा. देवळालीच्या छावणीत साहेब लोक नाचतात, तिथं गिटार वाजवतो. मासा मिळत नाही म्हणून दोन्ही वेळा तोंड वाकडं, पण माणूस सरळ. म्हणाला, "बाय, माझी जुनी गिटार हिला देऊ?"
म्हटलं, आणखी एक चुकायची वस्तू कशाला घरात.
"हिच्यात चुकायलाच येणार नाय, बघ तू."
बाता.

ता. ३, गुरु
ओट्यावर बसवलं मनीला नि मास्तरला, माझ्या डोळ्यापुढं. मी मेथी निवडायला घेतली. मा.नं माझ्या पानाच्या डब्यातला चुना मागितला. गिटारच्या मानेवर ठिपके दिले. तारा सहा, दर तारेला दोन जागा. बारा ठिपके. म्हणाला, ह्याच्या भायर बोट न्यायचं नाय, आत कुठंही टाक.
मनी : आधी कुठलं?
"कुठलंही."
मग?
"मग दुसरं कुठलंही."
तिनं माझ्याकडं पाहिलं. सवयच. मी जीभ चावली, खाली बघितलं. तिनं एक छेडलं. थांबली. दुसरं छेडलं. मग उडी मारून तिसरं. मी वाटच बघत होते, आता बिघडेल, आता बिघडेल. बिघडेना. कुठूनही कुठं गेली तरी गोडच. मेथी हातात तशीच राहिली.

सोपं असून इतकं गोड कसं? सोपं म्हटलं की मला संशय येतो, दुधात पाणी असणार.

ता. ६, रवि
आज मोजले. सूर पाचच निघतात, खालीवर तेच तेच. मा.ला धरलं. म्हटलं, आपल्यात तर सात असतात, दोन कुठं खाल्लेस? हसून ठसका लागला त्याला. म्हणाला, ते दोघं भांडकुदळ. शेजाऱ्याला खेटून बसतात नि ढकलतात. त्यांना भायर ठेवलं की राहिलेले पाच कसेही बसव, कुणाचं कुणाशी वाजत नाय.

पूर्वी हा मुक्या सिनेमाच्या पडद्यापुढं वाजवायचा. पेटीवाला आपल्याकडचा होता, त्याच्याकडून सारेगम शिकला. पडद्यावरचा घोडा कधी वळेल, बाई कधी पडेल, काय ठाऊक? पाचात राहिलं की पटकन कुठंही वळता येतं. बोलका सिनेमा आला नि हे सगळे घरी बसले.

मग स्वतः वाजवून दाखवलं. सगळा हात उचलून मानेवर वर नेला. तिथं चुना नाही, ठिपके नाहीत, पण बोटं तशीच पडतात नि गाणं तेच, नुसतं उंच. या दारापुढची रांगोळी उचलून त्या दारापुढं ठेवावी, एक कण न सांडता. तोंडाचा आ मिटेना माझा. मला म्हणाला, तू पण बोट लाव की बाय. लावलं एकदा. कुणाला सांगायचं नाही.

ता. ९, बुध
सकाळी झाडताना मनीची वही सापडली. मी तिसरी पास, अक्षराला अक्षर जोडून वाचते. वर काहीतरी भूप का काय. खाली, मनी वर्ज्य. वर्ज्य मला ठाऊक आहे. उपासाला कांदा वर्ज्य, लसूण वर्ज्य. मनी वर्ज्य. तिच्याच हातचं. हाक मारली तर घरात नाही. घागर नाही, दोर नाही.

अनवाणी पळाले विहिरीपर्यंत. काठाला उभी होती. दोर हातात, दोरावर बोटं नाचताहेत, लक्ष कुठंच नाही. दंड धरून मागं खेचली नि एक ठेवून दिली. म्हटलं, तुला कोण वर्ज्य म्हणतं? सासू? नाव सांग, आत्ता देवळ्याला जाते!
"कसलं वर्ज्य?"
वहीत लिहिलंयस ते! मनी वर्ज्य!
तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "अगं आई, म आणि नी! मास्तर बाहेर ठेवतात ते दोन सूर. भूपात म आणि नी घेत नाहीत!"
नि हसायला लागली. घागर खाली ठेवून, पोट धरून. बायका बघायला लागल्या. आठ महिन्यांनी हसणं ऐकलं. मीही हसले. गालावर माझी चार बोटं उठली होती, तशीच हसत होती.

घरी येऊन चुलीपुढं रडले. धूर होता, कुणाला कळलं नाही.

ता. १२, शनि
कार्ड आलं. व्याही मंगळवारी येतात मनीला न्यायला. हे म्हणाले, पाठवायची, लोक विचारतात. जातेस का, मी मनीला विचारलं नाही, स्वतःला विचारलं तर मलाही सांगता येईना.

दुपारी वाजवत बसली. काळीज कापत होतं. मा.ला म्हटलं, हिला रडके सूर कुणी शिकवले?
म्हणाला, "कुणी नाय. तेच पाच हत. गाणं आधी सा वर येऊन टेकायचं, आता ध वर टेकतंय. सूर तेच, फक्त घर बदललं."
विश्वास बसेना. जवळ जाऊन बोटं बघितली. त्याच जागा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

तेव्हापासून कामात मन नाही. तेच पाच. कुणाच्या दारात येऊन टेकतात, त्यावर हसणं नि रडणं. हे कुणी करून ठेवलं असेल? रामाच्या देवळात पंचवटीला इतक्या वेळा गेले, पण इतकी गप्प कधी झाले नाही.

ता. १५, मंगळ
व्याही सकाळीच आले, कांद्याचं पोतं घेऊन. भला माणूस, बायकोपुढं चळचळ कापतो. "पोर कशी शे?" म्हणाले. मी चार दिवस तोंडात घोळवलेलं सगळं सुनावणार, तेवढ्यात मनी गिटार घेऊन बाहेर आली नि त्यांच्यासमोर बसली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा.

वाजवलं. चुना घामानं कधीच पुसला गेलाय. मधेच एक बोट भलतीकडं पडलं, कानाला चावलं. मी अर्धी उठले. तिनं ना माझ्याकडं पाहिलं ना त्यांच्याकडं. तोच सूर पुन्हा वाजवला, नि तिथूनच पुढं गेली. मी खाली बसले.

संपल्यावर म्हणाली, "मामंजी, मी येईन. पण ही बरोबर येईल. मास्तरांनी दिलीय मला. संध्याकाळी तासभर मी वाजवणार, मधे कुणी उठवायचं नाही."
आवाज कापत होता. पण सगळं बोलली.

व्याह्यांनी गिटारकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, टोपी काढून परत घातली. "घरमा इचारीसन सांगस," म्हणाले. घरात विचारून सांगतो! सुनेला न्यायला आले नि बायकोला विचारायला परत गेले, दुपारच्या मोटारीनं. कांदे राहिले.

हे माझ्याशी बोलत नाहीत. मीच पढवलं म्हणतात. मी कुठली पढवते, मला तीन महिने शिकवलं असतं तरी असं बोलता आलं नसतं.

ता. १८, शुक्र
देवळ्याहून काही नाही. टपालवाला आला, शेजारी गेला.

भाकरी थापताना राहवलं नाही. विचारलं, हो म्हणाले तर?
"तर जाईन."
नि नाही म्हणाले तर?
ती खुंटी पिळत होती, कान तारेला लावून.
"आई, जरा गप्प बस. सूर लावतेय."

गप्प बसले. भाकरी करपली.